घोट्यापासून गुडघ्यापर्यंत

पायाचा एक्स-रे काढताना श्वास रोकावा लागत नाही. हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. आंधळगावात तेवढं ठाऊक नाही, कारण तिथल्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे भुपेंद्र काढतो. माणसाचा पायाचा अंगठा का ठेचला असेना, भुपेंद्र शिशाचा जड एप्रन घालून काचेमागं उभा राहणार आणि लग्नातल्या फोटोग्राफरसारखा हात उंच करून म्हणणार, "श्वास रोका... हलू नका... आता जरासे हासा!" मग तो बिचारा गाल फुगवावे की दात काढावे या पेचात डोळे वटारून बसतो, आणि भुपेंद्र पाठ फिरवून पोट धरून हसतो. एकदा एका माजी सरपंचाला 'श्वास सोडा' म्हणायचंच तो विसरला. म्हणजे विसरला नव्हता. सरपंच वांग्याच्या रंगाचे होईपर्यंत वाट पाहत होता.

वय सत्तेचाळीस, पण खोडी सातवीतल्या पोट्ट्याची. बावीस वर्षं हाडांचे फोटो काढून काढून त्याला गावातली निम्मी माणसं चेहऱ्यापेक्षा हाडांनी जास्त ओळखू येत. आणि खोडी कुठं थांबवावी, हे मात्र कधीच ओळखू आलं नाही.

मागच्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरी मटण शिजत होतं, तर हा गडी बोकडाची एक तंगडी पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन आला. फोटो काढला, वर टाकलं 'वय तीन, राहणार आंधळगाव', आणि नव्यानंच रुजू झालेल्या डॉक्टर उर्वशीच्या पुढं ठेवला. त्या दिवशी भंडाऱ्याचे हाडांचे सर्जन पाहुणे आले होते. त्यांच्यासमोर डॉक्टर उर्वशी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "बाळाचं पोषण अजिबात नीट नाहीये. आईला आत बोलवा." सर्जनसाहेब इतके हसले की त्यांच्या चष्म्याची एक काडी गेली. डॉक्टर उर्वशी मात्र हसली नाही. दार लावून तिनं भुपेंद्रला एवढंच सांगितलं, "भाऊ, बाहेर काय करायची ती मस्करी करा. पण फोटोत पुन्हा मस्करी केली, तर एप्रन खुंटीला टांगायचा आणि घरी जायचं."

तेव्हापासून फोटोत मस्करी बंद. बाहेर चालू.

जुलैचे दिवस. धानाची रोवणी ऐन जोरात. सकाळी अकराच्या सुमाराला दवाखान्यापुढं ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॉलीतून एकदम नऊ बायका उतरल्या. नऊही जणींचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. दहावी उतरली नाही. ती रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर पाय लांब करून बसली होती आणि तिथूनच साऱ्यांना झापत होती.

"तिकडं पऱ्हे खणून ठेवले हायत, उन्हात सुकून राहिले, आन् तुमी साऱ्याच्या साऱ्या माह्या मांग काहून आल्या वो? मी काय मरून राहिलो? उतरवा मले! आन् नीट उतरवा, मी युरियाचं पोतं नाही हाओ!"

ही शकुबाई. बावन्न वर्षांची, रोवणीच्या टोळीची म्होरकी. रोवणीत बायका ओणव्या होऊन, मागं मागं सरकत धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, लावतात. शकुबाईच्या एका हाळीवर ती पूर्ण ओळ सरकते आणि तिच्याच हाळीवर थांबते. तिची टोळी ज्या बांधीत, धानाच्या खाचरात, उतरली ती बांधी दिवस मावळायच्या आत हिरवी झालीच पाहिजे. तिचा नवरा देवाजी आज ट्रॉलीच्या कोपऱ्यात छत्री धरून उभा होता. मितभाषी माणूस. शकुबाईच्या घरात दुसऱ्यानं बोलायला जागाही फारशी नव्हती म्हणा.

भुपेंद्र व्हीलचेअर ढकलत बाहेर आला. देवाजी गावनात्यानं भाऊ, म्हणून शकुबाई वहिनी. आणि वहिनी म्हटल्यावर मस्करीला लायसन लागत नाही.

"वहिनी, युरियाचं पोतं पंचेचाळीस किलोचं असते. ते मी एकटा उतरवतो. तुमाले तलावातला गाळ काढाची मशीन बलवा लागन."

"भाऊजी, पाय सुजला हाय माहा. हात नाही सुजला!"

साऱ्या बायका खिदळल्या. चौघींनी मिळून तिला खुर्चीत बसवलं. उजवा घोटा पार टम्म. काल दिवस कलताना ही भानगड झाली होती. मागच्या एका पोरीनं रोपं तिरपी लावली म्हणून शकुबाई तिला शिवी हासडायला गर्रकन वळली. कंबर वळली, गुडघा वळला, पण पाऊल चिखलात रुतलं होतं, ते तिथंच राहिलं आणि ती बांधावर आपटली. तरी आज सकाळी ती परत चिखलात उतरायला गेली होती.

"पाय बांधीत आन् बाई धुऱ्यावर," मंगलाबाई म्हणाली. टोळीत दोन नंबरची.

"घोट्यात दुखते म्हंते," देवाजी हळूच म्हणाला.

भुपेंद्रनं घोट्याचे दोन फोटो काढले, एक समोरून, एक बाजूनं. "श्वास रोका" म्हणून पाहिलं, तर शकुबाई म्हणाली, "मी श्वास रोकला त बाहेर नऊ जणीचा थांबन. काढा मुकाट्यानं."

फोटो कॉम्प्युटरवर आले. डॉक्टर उर्वशीनं पडदा जवळ ओढला. हाडाच्या कडेकडेनं बोट फिरवत गेली, आतून, बाहेरून, मागून. कडा साबूत. कुठं तडा नाही, चीर नाही.

"फ्रॅक्चर नाही. मुरगळलंय. क्रेप बँडेज बांधते, चार दिवस आराम, मग हळूहळू चालायला लागा."

"चार दिवस?" शकुबाई बाहेरून ओरडली. तिचे कान सगळीकडं असत. "उद्या सकाळी बांधीत उतरतो मी!"

भुपेंद्र डॉक्टरच्या खांद्यामागं उभा होता. तो हाडं पाहत नव्हता. तो हाडांमधली फट पाहत होता.

घोट्याचा सांधा म्हणजे सांडशी असते. आतून नडगीचं जाड हाड खाली येतं, बाहेरून बारक्या नळीचं हाड खाली येतं, आणि दोघं मिळून मधल्या ठोकळ्यासारख्या हाडाला दोन्हीकडून धरून ठेवतात, चुलीवरचा गंज, म्हणजे पातेलं, धरावा तसं. पकड घट्ट असली की ठोकळ्याच्या वरची आणि बाजूंची फट सारखी दिसते. शकुबाईच्या फोटोत वरची फट होती सुतळीएवढी. आणि आतल्या बाजूची? तिथं दोन सुतळ्या सहज मावल्या असत्या.

सांडशी ढिली झाली होती. पण तोंडाशी तर काही तुटलेलं नव्हतं.

भुपेंद्र पडद्याकडं आणखी वाकला. ही फट त्यानं आधी एकदाच पाहिली होती. दहा वर्षांपूर्वी तो साकोलीत एका लॅबमध्ये होता, तेव्हा इश्वर नावाचा गडी घोटा धरून आला होता. तेव्हाही तडा नव्हता, तेव्हाही फट होती. भुपेंद्रला ती खटकली होती, पण आपण फोटो काढणारे, आपण कशाला बोला, म्हणून तो गप्प बसला. खरं तुटलेलं हाड होतं वर, गुडघ्याजवळ, आणि तिथला फोटो कोणी काढलाच नाही. तीन महिने चालून चालून इश्वरचा घोटा कायमचा खिळखिळा झाला. आता तो दुकानात बसून वजनं करतो. शेतात पाऊल घालत नाही.

"मॅडम, आतली फट पाहा."

डॉक्टर उर्वशीनं मान वळवली. "भाऊ, मला अजून तो बोकड आठवतो."

"बोकडाची आण! नाही, माह्या पोरीची आण. मोजून पाहा."

तिनं माउस घेऊन मोजली. वर तीन मिलिमीटर, आत सहा. तिची भुवई वर गेली आणि परत खाली आली. "तुम्ही पाय तिरपा ठेवला असेल. पाय फिरला की फट फसवते."

"मंजूर. परत काढतो."

त्यानं परत काढला. या वेळी पाऊल नीट धरून, अंगठा थोडा आत वळवून, जसा नियम आहे तसा. शकुबाईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोटो आला. वर तीन. आत सहा.

डॉक्टर उर्वशीनं चष्मा काढून पुसला. हुशार बाई होती ती. चूक दिसली की कबूल करायला तिला दोन मिनिटं लागत, पण दोनच. "सांधा उघडलाय," ती म्हणाली. "म्हणजे बारकं हाड वर कुठंतरी मोडलं असणार. गुडघ्यापर्यंत फोटो घ्या." मग ती स्वतः बाहेर आली. "शकुबाई, गुडघ्याजवळ दुखतं का? इथं, बाहेरच्या बाजूला?"

"नाही."

एवढं झटपट 'नाही' कोणी म्हणत नसतं. आणि म्हणताना शकुबाईचा पंजा लुगड्यावरून बरोबर गुडघ्याखाली बसला. मंगलाबाई एकाएकी छताचा पंखा पाहायला लागली. भुपेंद्रनं ते टिपलं. थापाड्या माणसाला दुसऱ्याची थाप तोंड उघडायच्या आधी दिसते.

"एकदा फोटो काढून पाहू," डॉक्टर म्हणाली.

"घोटा दुखते आन् फोटो गुडघ्याचा? उद्या म्हंसान दात दाखव. नाही काढत मी. तुमी ते पट्टी बांधा न मले सोडा."

"हात लावून तरी पाहू द्या."

"नाही म्हंतलं न!"

"बरं नाही व्हायचं हे असं. पायावर भार देऊ नका, उद्या तरी भंडाऱ्याला दाखवा."

"चार वाजता जनाबाईकडे जाऊन राहिलो आमी," देवाजी म्हणाला. "ते घोटा ओढून बसवून देते."

जनाबाई म्हणजे पंचक्रोशीतली हाडं बसवणारी म्हातारी. तिचा हात चांगला, पण तिचं ओढणं म्हणजे बैल गाडीला जुंपून ओढल्यासारखं. आधीच उघडलेला सांधा तिनं ओढला, आणि उद्या ही बाई त्या पायानं चिखलात मागं मागं सरकली, की झालाच दुसरा इश्वर. घड्याळात साडेबारा वाजले होते.

तेवढ्यात एक तापाचं लेकरू आलं, आणि डॉक्टर उर्वशी आत गेली. जाताना म्हणाली, "समजावून पाहा. जबरदस्ती करायची नाही."

समजावणं भुपेंद्रच्या बापालाही जमलं नव्हतं. त्याला दुसरं काही येत होतं.

तो शकुबाईजवळ गेलाच नाही. बाकावर मंगलाबाईच्या शेजारी जाऊन टेकला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन असा कुजबुजला की औषधाच्या खिडकीपर्यंत ऐकू गेलं.

"मंगलाबाई, एक गोष्ट सांगतो, कोणाले सांगजो नका. पुऱ्या आंधळगावात सगळ्यात लांब नळी कोणाची हाय, मालूम हाय का?"

"कायची नळी?"

"पायाची वो. घोट्यापासून गुडघ्यापर्यंतची. मशीन मोजते न आमची. ज्याची नळी लांब, त्याचा पाय चिखलातून लवकर निघते. रोवणी पटापट होते. एकदम सायन्स हाय."

"मंग कोणाची हाय?"

"तलावापलीकडच्या रुखमिणीबाईची. तीनशे बहात्तर मिलिमीटर भरली. रेकॉर्ड हाय तो."

रुखमिणी म्हणजे दुसऱ्या टोळीची म्होरकी. मागच्या साली तिच्या टोळीनं एक बांधी शकुबाईच्या टोळीच्या अर्धा तास आधी संपवली होती, आणि ते दुःख शकुबाई पाटीवर लिहिल्यासारखं जपून होती.

व्हीलचेअर करकरली.

"कोणाची म्हंतली?"

"काही नाही वहिनी, आमचं आपलं..."

"ते ठेंगणी? ते माह्या खांद्याले लागत नाही! तिची नळी लांब?"

"उंची वेगळी वहिनी, नळी वेगळी. उंची काय, मानेतून बी येते. तुमी डोक्याले ताप नका करून घेऊ. तुमचा फोटो अर्धाच हाय, घोट्याचा. अर्ध्या फोटोचा नंबर नाही लागत."

शकुबाईनं नाकातून लांब श्वास सोडला. बायकांनी एकमेकींना कोपरं मारली.

"न्या मले अंदर," शकुबाई म्हणाली.

"राहू द्या वहिनी, तुमाले पसंत नाही त..."

"भाऊजी, चाकं ढकलता का मीच ढकलू?"

आत टेबलावर चढेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग तिनं लुगडं घट्ट धरलं. "कपड्यावरूनच काढा."

"कपड्याले चिखल हाय. चिखलाचे डाग फोटोत उमटतात, मंग मोजमाप चुकते. एक सेंटीमीटर कमी आली त मले नका बोलू."

एक सेंटीमीटर! शकुबाईनं डोळे मिटले. "मंगले, पूस."

मंगलाबाईनं ओला कपडा घेऊन लुगडं गुडघ्यावर सारलं आणि चिखल पुसला. आणि भुपेंद्रचा हात एक्स-रेच्या कॅसेटवरच थांबला. गुडघ्याच्या खाली चार बोटं, बाहेरच्या बाजूला, एक काळाकुट्ट डाग होता, रुपयाएवढा, कडेनं फोड आलेले.

"बिब्बा?"

शकुबाईचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "जनाबाईनं लावला काल सांजच्याले. डॉक्टरीणबाईले सांगजो नका, भाऊजी. मागं कंबरेले लावला होता त त्या बाईनं मले साऱ्या लोकाइसमोर अर्धा घंटा झाडलं. 'चमडी जाळून घेता, अडाणी हा का' म्हंते. मी काय अडाणी हाओ? म्हून नाही सांगतलं. तिथं दुखते, पण ते बिब्बा उतला म्हून दुखते. पायाचं नाही ते."

"एक सांगा वहिनी. तिथं दुखत होतं म्हून बिब्बा लावला, का बिब्बा लावला म्हून दुखाले लागलं?"

शकुबाई आपल्या गुडघ्याकडं पाहायला लागली. चिखलात पाऊल रुतल्यापासूनचा सारा हिशेब तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेला.

"आधी दुखत होतं," ती म्हणाली. "म्हून त लावला."

भुपेंद्रनं तिथं बोट लावलं नाही. गुडघा आणि घोटा दोन्ही एका फोटोत येतील अशी मोठी कॅसेट ठेवली, मशीनची दिशा जुळवली, मंगलाबाईला बाहेर पाठवलं, आणि काचेमागं गेला. या वेळी त्यानं शकुबाईला काही रोकायला सांगितलं नाही. श्वास त्याचाच अडकला होता.

कॅसेट मशीनमध्ये घातली. पडद्यावर फोटो खालून वर उमटत गेला. घोटा. तीच फट. त्यावर नडगी, सरळ, सुरेख, कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी. तिच्या बाजूनं बारकी नळी, तीही सरळ, सरळ, अजून सरळ... आणि एकदम वर, गुडघ्याच्या जरा खाली, तिरपी काळी रेघ. ओला बांबू पिरगळून फोडावा तशी. बरोबर बिब्ब्याच्या डागाखाली.

"सापडलं!" भुपेंद्र असा किंचाळला की औषधाच्या खिडकीतल्या पोराच्या हातून बाटली पडली. "मॅडम! सापडलं! मॅडम!"

डॉक्टर उर्वशी स्टेथोस्कोप कानातच घेऊन पळत आली. तिनं पडदा पाहिला. एक बोट वरच्या रेघेवर ठेवलं, एक खालच्या फटीवर. "बाप रे," ती म्हणाली. "जोर घोट्यातून घुसला आणि वर जाऊन बाहेर पडला. भाऊ, हे मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं."

"मी साकोलीत पाह्यलं होतं, मॅडम. आन् चुप राह्यलो होतो."

"किती भरली?" टेबलावरून आवाज आला.

"काय किती भरली?" डॉक्टरनं विचारलं.

"नळी! रुखमिणीची तीनशे बहात्तर हाय न?"

"रुखमिणीबाईंचा? त्यांचा एक्स-रे आपल्याकडं कधी काढलाच नाही."

भुपेंद्रनं शिशाचा एप्रन अंगावर घट्ट ओढून घेतला. चिखलाचा ओला कपडा भिरभिरत आला आणि फटकन त्याच्या तोंडावर बसला.

पण खरी अडचण पुढंच होती. शकुबाईला बाहेर आणून डॉक्टर उर्वशीनं साऱ्यांसमोर सगळं सांगितलं. वरचं हाड तुटलंय, घोट्याचा सांधा उघडलाय, भंडाऱ्याला आजच जायचं, ऑपरेशन करून सांधा स्क्रूनं आवळतील, दीड-दोन महिने पाय जमिनीला टेकायचा नाही. शकुबाईनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाही. हे बी मस्करीच हाय. आधी नळी लांब म्हंतलं, आता नळी तुटली म्हंतात. दोघं मिळून राहिले तुमी. मले जनाबाईकडे न्या."

भुपेंद्रचं तोंड उघडं पडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शंभर टक्के खरं बोलत होता, आणि समोरची बाई त्याला शंभर टक्के भुपेंद्र समजत होती.

तो बाहेर पळाला. चहाच्या टपरीवरून सांडशी आणि चहाचा रिकामा गंज उचलून आणला. टपरीवाला मागून ओरडतच राहिला.

"वहिनी, हे पाहा. हे सांडशी म्हंजे घोटा. धरा." शकुबाईनं सांडशीनं गंज धरला. "पक्का धरला? हलते का?"

"कायले हलन."

"आता एक दांडी सोडा. वरून. तोंडाले हात नका लावू."

तिनं एक दांडी सोडली. गंज ठणठणत फरशीवर.

"तोंड तुटलं का सांडशीचं?"

"नाही."

"मंग गंज काहून पडला?"

शकुबाई सांडशीकडं पाहत राहिली. जन्मभर चुलीवर तिच्या हाती सांडशी होती. ते तिला डॉक्टरच्या पुस्तकापेक्षा जास्त कळत होतं. तरी ती म्हणाली, "जनाबाई म्हणन त मानीन."

"तिलेच विचारू!" भुपेंद्रनं फोटोची फिल्म छापून घेतली, खिडकीच्या उजेडाला धरली आणि मंगलाबाईच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला. जनाबाईच्या नातीनं उचलला. मग पडद्यावर एक भला मोठा सुरकुतलेला डोळा आला. म्हातारीनं फोन तोंडाला चिकटवला होता.

"कोण, भुप्या? फोटो कोणाचा हाय तो? बोकडाचा त नाही?"

ही बातमी तिथपर्यंत पोचली होती.

"शकुवहिनीचा हाय, आजी. तुमी बिब्बा कुठं लावला होता?"

"गुडघ्याखाली, बाहेरून. बोट ठेवलं त करकर लागली मले. काही तरी हाय म्हून लावला."

"ते पाहा, तिथंच. तिरपी रेघ. दिसते?"

डोळा मागं गेला, पुढं आला.

"म्हंजे वरून तुटलं," जनाबाई म्हणाली. "आन् मी आज खालून ओढनार होतो. शकु, आयकून राहिली का?"

"हो जी."

"माह्याकडे येजो नको आज. पाय हलवजो नको आन् भंडाऱ्याले जा. हे माह्या हाताचं काम नाही. डॉक्टरीण कुठं गेली?"

"मी इथंच आहे, आजी," डॉक्टर उर्वशी पुढं झाली. "तुमच्या बोटाला बरोबर सापडलं होतं. मला विचारायला पाहिजे होतं."

"मंग विचारत जा न, बाई. झाडत काहून राह्यते?"

डॉक्टरचे कान लाल झाले. नऊ बायकांनी पदर तोंडाला लावले.

शकुबाई मात्र हसली नाही. ती आपल्या पायाकडं पाहत होती. "दोन महिने," ती म्हणाली. "पुरी रोवणी जाईन. टोळी कोण हाकन? मी नसलो त हे ओळ नाही सरकत, भाऊजी. तुमाले नाही समजणार."

मंगलाबाईनं काही म्हणायला तोंड उघडलं, पण आधी देवाजीच बोलला. छत्री अजून त्याच्या हातात होती, आत छताखालीही उघडीच.

"रोवणी येत्या साली बी येते," तो म्हणाला. "तीस साल तुह्या मांग चालून राहिलो मी. तू लंगडली त मले तुह्या पुढं चालाव लागन. मले रस्ता नाही मालूम."

एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. शकुबाईनंही नाही. तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की जणू ट्रॉलीतलं पोतं बोललं. मग नाक ओढलं आणि हाळी दिली, बांधीत देते तशीच.

"मंगले! ओळ सरळ ठेवजो. त्या तिरप्या लावणाऱ्या पोरीले मधात घे, कोपऱ्यात नको. पऱ्हे सुकाले नाही पायजे. चला, कोण घेऊन जाते मले भंडाऱ्याले? उभे काहून हा सारे?"

डॉक्टर उर्वशीनं पायाला मांडीपर्यंत प्लास्टरची पट्टी बांधून दिली. भुपेंद्रनं स्वतः स्ट्रेचर धरलं. भंडाऱ्याची गाडी निघाली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि चिखलाच्या नऊ बायका ट्रॉलीत चढून दुसऱ्या दिशेला, बांधीकडं निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भंडाऱ्याहून सर्जनसाहेबांचा फोन आला. दोन स्क्रू घातले, सांधा बसला, वेळेत आणली. आठ दिवस त्या पायावर चालली असती तर हा घोटा परत जुळला नसता, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "गुडघ्याचा फोटो काढायचं कोणाला सुचलं?" डॉक्टर उर्वशीनं फोन स्पीकरवर टाकला आणि भुपेंद्रच्या हातात दिला. "एका बाईची नळी मोजाची होती, सर," एवढंच तो म्हणाला.

ऑक्टोबरच्या शेवटी शकुबाई तपासणीला आली. स्क्रू निघाले होते, पाय चार आठवड्यांपासून जमिनीला लागत होता. धान पिवळं पडलं होतं, कापणी तोंडावर. बाहेर ट्रॅक्टर चालूच होता. टोळीनं तो बंद करू दिला नव्हता.

भुपेंद्रनं फोटो काढला. पडद्यावर तो उमटू लागला तशी डॉक्टर उर्वशी खुर्ची मागं सारून बसली आणि म्हणाली, "आधी तुम्ही सांगा, भाऊ."

भुपेंद्र वाकला. वरची तिरपी रेघ गेली होती, तिथं हाडाची पांढरी गाठ भरून आली होती. मग तो खाली उतरला, घोट्याकडं. वरची फट पाहिली. आतली पाहिली. बाहेरची पाहिली. माउस घेऊन मोजली, एकदा, परत एकदा.

"सारखी," तो म्हणाला, आणि मग टेबल बडवून ओरडला, "तिन्हीकून सारखी! मॅडम, सुतळीले सुतळी! वहिनी, पाहा न वहिनी, गंज धरून राह्यली सांडशी!"

एक्स-रेचं टेबल रिकामं होतं. चपला गेल्या होत्या. खिडकीतून पाहिलं तर शकुबाई ट्रॉलीच्या कठड्याला धरून वर चढत होती, उजवा पाय आधी टाकून.

"वहिनी! फोटो त घेऊन जा!"

"तुमच्याजवळच ठेवा भाऊजी!" ती वरून ओरडली. "मले कापणीले उशीर होऊन राहिला!"